राजुलमावशीची तुरपाई

गल्लीत कुणी कापड टरकन फाडलं, की राजुलमावशी जिथं असेल तिथून विचारायची, "कोनं फाडलं वं?" दळत असली तर जातं थांबवायची, देवळातून येत असली तर वाटेत उभी राहायची. चिंधी फाडली असली तरी तिला चालत नसे. कापड फाडायचं नाही, कापायचं. आणि कापायच्या आधी त्यातला एक दोरा सुईच्या टोकानं उचलून अख्खा ओढून काढायचा. दोरा निघाला की कापडावर बारीक वाट पडते, त्या वाटेनं कात्री चालवायची, म्हणजे काठ सरळ येतो आणि धागे कमी सुटतात. हे सगळं ती त्या फाडणाऱ्या बाईला भर उन्हात उभी करून ऐकवायची. माझी आई तर तिची चाहूल लागली की फाडायला घेतलेलं कापड मांडीखाली सारायची.

आम्ही कारंज्यात राहायचो, माझे वडील कापसाच्या जिनात कारकून होते. समोरचं घर जैनांचं. राजुलमावशी त्या घरची थोरली सून, तरुणपणीच विधवा झालेली. दिराचं कापडाचं दुकान होतं, त्यांच्याच आसऱ्याला ती राहायची. उंच, हाडकुळी, पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. लुगड्याच्या पदरात सुई कायम खोचलेली. तुमच्याशी बोलता बोलता ती तुमचाच पदर हातात घ्यायची आणि काठ बोटांनी चाचपत जायची. कुठं दशा निघालेल्या दिसल्या, की बोलणं तसंच चालू ठेवून तिथल्या तिथं दोन टाके घालून टाकायची. बोलणारीचा जीव अर्धा गप्पांत आणि अर्धा सुईत. एकदा आमच्याकडे हळदीकुंकवाला आलेल्या मामलेदारीणबाईंचं भारी सुती लुगडं तिनं असंच धरलं होतं. त्या बाई घाबरून जागच्या हलल्या नाहीत.

दुपारी तिच्या माडीवर आम्ही पोरी फुलीचा टाका शिकायला जमायचो. त्या काळी रुखवतात दुसुतीच्या जाड कापडावर भरलेले पोपट, हत्ती आणि 'सुस्वागतम्' असल्याशिवाय लग्न लागत नसे म्हणा ना. आम्हाला पोपट काढायची घाई. ती आम्हाला काठावर बसवायची. चार बोटं कापड जास्तीचं सोडायचं, काठ दोनदा आत दुमडायचा, कच्चा दोरा घालायचा, मग बारीक तुरपाई करायची, उलट्या बाजूनं दिसेल न दिसेल अशी. चारी कोपरे झाल्याशिवाय रंगीत दोरा हातात मिळत नसे. मी एकदा कुरकुरले, की मावशी, नक्षी तर मधोमध आहे, काठ मागाहून नाही का दुमडता येणार? तिनं एक तुकडा घेतला, त्याचा काठ नखानं जरासा खरवडला आणि एक धागा ओढला. मग दुसरा. मग तिसरा. बघता बघता धागे पोपटाच्या शेपटीपर्यंत येऊन पोचले. तो पोपट माझाच होता, हे मला उशिरा कळलं.

"पाह्य इंदे," ती म्हणाली, "असं जाते मंग सारं."

मी रडले. तिनं मला गूळ-शेंगदाणे दिले, पण पोपट काही परत आला नाही. आजकालच्या पोरी काठाला चिकटपट्टी लावून मोकळ्या होतात, तेव्हा माझा हात शिवशिवतो, खरं सांगते.

हा सगळा वर्ग ती कशासाठी चालवायची, तर कमलसाठी. कमल तिची एकुलती एक लेक, माझ्या बरोबरीची, गोरी, लांब केसांची, हसली की डोळे मिटणारी. मावशीला या जगात एकच गोष्ट हवी होती, कमलचं लग्न व्हावं आणि ती सासरी सुखानं नांदावी. दुसऱ्या कुणाच्या पोरीच्या बाबतीत ही काय मोठी गोष्ट नव्हती. पण कमलच्या कमरेवर, लुगड्याची निरी खोचतात तिथं, पांढरा डाग होता. रुपयाएवढा होता, मग तळहाताएवढा झाला. कोड. ज्या घरात कोड निघालं त्या घरची पोरगी कुणी करत नसे, आणि तिच्या पाठच्या बहिणी, चुलत बहिणीही बसून राहत. दिराला तीन मुली होत्या. तेव्हा डाग घरातसुद्धा लपवलेला होता.

मला तो कळला तो चुकून. निरोप सांगायला मी त्यांच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर गेले, तर कमल उन्हाकडे पाठ करून बसलेली, आणि मावशी तिच्या कमरेला बावच्यांच्या बियांचा लेप लावत होती. लेप लावून उन्हात बसवायचं, असं कुण्या वैदूनं सांगितलेलं. डागावर फोड आले होते. कमल ओठ चावत होती, तोंडातून आवाज नव्हता. आवाज केला तर खाली तिच्या काकूला ऐकू गेलं असतं. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ही मला शपथ घालेल, हातापाया पडेल. तिनं तसलं काही केलं नाही. "बस इंदे," म्हणाली, "तिच्याशी बोल काई, तिचं ध्यान जाईन." मी बसले आणि शाळेतल्या बाईंची नक्कल केली. फोडांतून पाणी वाहत होतं आणि कमल हसत होती. त्यानंतर मी त्या डागाबद्दल कुणाजवळ अक्षर काढलं नाही, आईजवळसुद्धा नाही.

मावशीचं धर्माचं वेड काठाच्या वेडासारखंच. पाणी दोनदा गाळायची, दिवस मावळायच्या आत जेवायची, चालताना नजर पायाशी, कुठं किडामुंगी चिरडू नये म्हणून. खरं रेशीम हातात धरायची नाही, किडे उकळून काढतात म्हणून. आमच्या वर्गातल्या एका व्यापाऱ्याच्या मुलीनं एकदा अक्कल लढवली. शिंप्याकडे पाहून आली आणि दुसुतीच्या काठाला मेण चोळून आणलं. धागे खरंच जागच्या जागी बसले होते. आम्हाला हायसं वाटलं, म्हटलं सुटलो तुरपाईतून. मावशीनं कापड नाकाशी नेलं आणि तिचा चेहराच उतरला.

"हे कोनाचं घर मोडून आनलं, मालूम हाये का तुले?" एवढंच विचारलं तिनं.

त्या पोरीनं कापड परत नेलं. मधमाश्यांच्या पापाचा वाटा आपल्याही माडीवर आला म्हणून मावशीनं त्या दिवशी उपास केला. पण मेणाची ती युक्ती तिच्या डोक्यातून जाईना. डोळे थकत चालले होते, कमलच्या रुखवताचे ढीगभर काठ अजून दुमडायचे होते. म्हणून तिनं बाभळीचा डिंक काढला. झाडाचा डिंक, त्यात कुणाचा जीव नाही. तो पाण्यात कालवून तिनं सगळ्या काठांना लावला, कापडं वाळवली आणि पेटीत रचून ठेवली. पावसाळा आला. भाद्रपदात पेटी उघडली तर आत मुंग्यांची नुसती दाटी. डिंक म्हणजे त्यांना जेवणावळच की. दुसरी कुणी असती तर कापडं झटकून गरम पाण्यात टाकली असती. मावशी पेटीपुढं बसली, मलमलीचा तुकडा घेतला आणि एकेक मुंगी त्याच्यावर चढवून अंगणात तुळशीच्या मातीत सोडत राहिली. दिवस मावळला, ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. आम्ही पोरी जिन्यात बसून हसत होतो. तिचा दीर वर येऊन म्हणाला, वहिनी, लोकं वेडी म्हणतील. ती म्हणाली, म्हनू द्या. मग तिनं सारे काठ नुसत्या गार पाण्यानं धुऊन काढले आणि पुन्हा पहिल्यापासून, हातानं, दुमडून तुरपले. डिंकाचं नाव पुन्हा काढलं नाही.

अशी ती. माझ्या आईचा मात्र तिच्यावर जीव होता आणि त्याला कारण होतं. माझा धाकटा भाऊ तापानं गेला तेव्हा तो चालायलाही लागला नव्हता. घरात रडारड. कुणीतरी दिराच्या दुकानातून कोरं कापड आणलं, घाईघाईत फाडलेलं, चारी बाजूंनी धागे लोंबत होते. पुरुष दारात ताटकळत उभे. पोरगं गुंडाळायचं तेवढं बाकी. राजुलमावशी आली, ते कापड उचललं आणि भिंतीशी जाऊन बसली.

"थांबा जरासे," ती म्हणाली. "लेकराले असं सुटलेलं नेसवू नोका."

माझे काका रागावले, हे मातीत जायचं आहे बाई, कुणाला दाखवायचं आहे! तिनं मान वर केली नाही. चारी काठ दुमडले, तुरपाई केली, गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि कापड आईच्या मांडीवर ठेवलं. आई म्हणायची, सगळे मला धीर दे, धीर दे म्हणत होते, काम फक्त राजुलबाईनं केलं. त्या दिवसापासून आईनं तिचा शब्द कधी खाली पडू दिला नाही.

कमलला पाहायला कामरगावची मंडळी आली तेव्हा मी तिथंच होते, पोहे घेऊन जायला. घर चांगलं होतं, किराण्याचं दुकान, मळा, एकुलता मुलगा. मुलाची आई आणि तिची मोठी नणंद अशा दोघी. जैनांतलंच घराणं, नेमधर्म पाळणारं. त्यांनी कमलला चालायला लावलं, केस सोडून पाहिले, तळहात पाहिले, दात पाहिले. आमच्याकडे बैलसुद्धा एवढा निरखून घेत नाहीत. मग रुखवतासाठी केलेली कापडं मांडली. ती नणंद खमकी होती. तिनं हत्तीचं कापड उचललं, उलटं केलं आणि काठाला नख लावून ओढून पाहिलं. हललं नाही. दुसरं घेतलं. तेही नाही. मग तिनं कापड खाली ठेवलं आणि सरळ मावशीला विचारलं, की बाई, पोरीत काही खोट असेल तर आत्ताच सांगा, मागाहून बोल नको.

कमल खाली मान घालून बसली होती. मावशी म्हणजे मुंगीसाठी दोन दिवस उपाशी राहणारी बाई. तिला खोटं बोलता येत नसे, खरंच येत नसे, एकदा दिरानं गिऱ्हाइकाला घरी नाही म्हणून सांग म्हटलं तर ही दाराशी जाऊन, घरी आहेत पण नाही म्हणून सांगायला सांगितलं आहे, असं बोलून आली होती. मला वाटलं, संपलं. ही आता सांगणार.

मावशीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग कमलनं भरलेली सगळी कापडं दोन्ही हातांनी त्या बाईंच्या पुढ्यात सारली.

"मायी पोरगी तुमच्या पुढं हाये, तिचं काम तुमच्या पुढं हाये," ती म्हणाली. "उलटं करून पाहा. एक सुटलेला धागा सापडला त बोला."

नणंद हसली. तिला ते उत्तर ठसक्याचं वाटलं. दोघी खूश झाल्या, लग्न ठरलं. ही खोटं बोलली नव्हती, आणि खरंही बोलली नव्हती. मंडळी गेल्यावर मावशी देवळात गेली ती दिवेलागणीनंतर आली आणि उपाशीच झोपली. कमल मात्र माडीवर मला मिठी मारून नाचली. आम्ही दोघी केवढ्या होतो! आम्हाला वाटलं, जिंकलो.

लग्न झालं. त्याच वर्षी माझंही झालं, धनजला. पुढं कमलची खबर मला माहेरी आले की आईकडून कळायची. पहिली दोन वर्षं बरी गेली. नवऱ्यानं डाग पाहिला नसेल असं कसं म्हणावं? त्यानं पाहिला आणि गप्प राहिला, एवढं त्याचं चांगलं बोलायलाच हवं. तो भला होता, फक्त आईपुढं त्याची जीभ टाळूला चिकटायची. मग कमलला मुलगी झाली, सुमती. आणि बाळंतपणानंतर ते दडलेलं कोड बाहेर पडलं. आधी बोटांची टोकं, मग मनगटापर्यंत हात, मग ओठाचा कोपरा. लुगड्यात झाकण्यासारखं काही राहिलं नाही.

विहीणबाईंनी तिला टाकली नाही. टाकली असती तर बरं झालं असतं. गावात आपली अब्रू जाईल, घरात कोडाची सून आली हे चारचौघांत होईल, म्हणून त्यांनी तिला घरातच ठेवली, मागच्या अंगणातल्या सरपणाच्या खोलीत. ताट, तांब्या, अंथरूण वेगळं. दारी बाहेरूनच भाकर ठेवायची. मुलगी आजीकडे, आईजवळ जायचं नाही, शिवायचं नाही, कोड लागतं. ते तसं लागत नाही हे आता कुणीही सांगेल, पण तेव्हा सांगणारं कोण होतं, आणि ऐकणारं तरी कोण? वर्ष सरायच्या आत मुलाला दुसरी बायको आणली. तो बोहल्यावर उभा राहिला, घरी येऊन पुन्हा गप्प बसला.

हे कळल्यावर मावशी पहिल्यांदा गेली ती कमलला घेऊन यायला. दीर सोबत होते. विहीण ओसरीवर उभी राहूनच बोलली. आत बोलावलं नाही.

"कापड उलटून दाखवलं तुमी," ती म्हणाली. "पोरगी नाई दाखवली."

न्या म्हणाली, खुशाल न्या, पण नात आमची आहे, ती इथंच राहील. कमल मागच्या खोलीच्या दारात उभी होती. तिनं यायला नकार दिला. पोरीचा आवाज तरी येतो इथं, म्हणाली. मग आईला जे म्हणाली ते दिरांनी परत येऊन माझ्या आईला सांगितलं आणि सांगताना तो मोठा माणूस रडला. कमल म्हणाली होती, "तू त्या दिवशी सांगून टाकलं असतं, त मी तुयाजवळच राह्यली असती माय." रागानं नाही, साधं बोलावं तसं.

त्यानंतर राजुलमावशी मोडली. माडीवरचा वर्ग बंद झाला. पदरातली सुई गेली. मी माहेरी आले की भेटायला जायचे, ती भिंतीकडे तोंड करून माळ ओढत असायची. एकदा माझ्या पदराच्या दशा मुद्दाम तिच्या हाताजवळ नेल्या. तिनं पाहिलं आणि सोडून दिलं. गल्लीत बायका आता बिनघोर कापड फाडायच्या, आणि तेही बरं वाटत नसे.

जैनांत पर्युषणाचे दहा दिवस उपासतापास झाले की क्षमावाणी असते. त्या दिवशी घरोघर जायचं, वर्षभरात कुणाला दुखवलं असेल त्याच्यापुढं हात जोडायचे, समोरच्यानंही हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणायचं. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, नाही म्हटलं तर आपलेच उपास वाया. त्या वर्षी क्षमावाणीला राजुलमावशी म्हणाली, मी कामरगावला जाते. दीर म्हणाले, मी येत नाही, माझा अपमान पुरे झाला. तेव्हा आईनं मला सोबत पाठवलं. आईचे गुडघे धरले होते, मी माहेरपणाला आलेली होते. काळ्या मातीत गाडीची चाकं रुतत होती, दोनदा उतरून चिखलातून चालावं लागलं. मावशीच्या मांडीवर फडक्यानं तोंड बांधलेला पाण्याचा तांब्या, कारण लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही ही तेव्हाची रीत. कडक घरांतून आईबाप लेकीच्या गावच्या विहिरीचंही पाणी पीत नसत.

कामरगावच्या त्या ओसरीवर क्षमावाणीसाठी आलेल्या बायका बसल्या होत्या. मावशी खाली अंगणातच थांबली. सगळ्यांच्या देखत तिनं विहिणीपुढं हात जोडले आणि स्पष्ट म्हणाली, की माझ्या पोरीच्या अंगावर कोड होतं, मला ठाऊक होतं, मी लपवलं, मला क्षमा करा. बायका एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या. विहिणीनं ज्यासाठी एवढं सगळं केलं, ती गोष्ट भर अंगणात उघडी झाली होती. पण दिवस क्षमावाणीचा, आणि पाहणारे डोळे चहूकडे. तिनं हात जोडले. ओठ घट्ट होते, तरी शब्द निघाले, "उत्तम क्षमा."

मावशी हलली नाही.

"माफ केलं न बाई? मंग मले इथं राहू द्या," ती म्हणाली. "तिच्याजवळ. तुमचं दळन दळीन, पानी भरीन. मले काई नोको."

मग मावशीनं तांब्याचं फडकं सोडलं आणि सगळं पाणी अंगणातल्या मातीवर ओतलं. रिकामा तांब्या विहिणीपुढं धरला आणि म्हणाली, "पानी द्या मले."

तिनं त्या घरचं पाणी एकदा प्यायलं, की ती विहीण राहत नव्हती, पाहुणी राहत नव्हती, त्या घरच्या अन्नावरची बाई होत होती. तिच्या आयुष्यातला एकही नेम तिनं मोडलेला मी पाहिला नव्हता. विहिणीनं ओसरीवरच्या बायकांकडे पाहिलं. मग दुसऱ्या सुनेला खूण केली. तिनं तांब्यात वरून धार धरली. मावशी प्याली, घटाघटा, पाणी गाळलेलं आहे की नाही हे न विचारता. पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, की इंदे, तू जाय, तुया मायले सांग. मी गाडीत बसले. मागच्या खोलीचं दार उघडताना आतून कमलचा आवाज आला, काय म्हणाली ते कळलं नाही.

कारंज्यात लोकांनी तोंडाला येईल ते बोलून घेतलं. लेकीच्या दारी मोलकरीण झाली म्हणाले, धर्म बुडवला म्हणाले. दिराच्या मुलींची लग्नं अडली. त्या घरानं तिचं नाव टाकलं. मला त्या मुलींचं वाईट वाटतं, पण मावशीवर मला कधी राग धरता आला नाही.

तिला शेवटचं पाहिलं ते दुसऱ्या लढाईच्या दिवसांत, कापडाला कंट्रोल लागला, ते मोजून मिळायला लागलं तेव्हा. मी धनजहून कारंज्याला निघाले होते, गाडीवान कामरगावातून आतल्या वाटेनं गेला. त्या घराच्या मागच्या अंगणाची भिंत पावसानं ढासळली होती, बैलगाडीतून सगळं दिसत होतं. सकाळची वेळ. मावशी सरपणाच्या खोलीच्या दारात बसलेली, ओसरीकडे पाठ, पदर दोन्ही खांद्यांवरून पसरून घेतलेला. फार वाळली होती, केस पुरे पांढरे. तिच्या पुढ्यात सुमती उभी होती, पाच-सहा वर्षांची, तोंड आजीकडे, पाठ खोलीच्या अंधाराकडे. पदराआडचं काही ओसरीवरून दिसत नसणार, पाहणाऱ्याला वाटावं, आजी नातीची वेणी घालते आहे.

मला बाजूनं दिसत होतं. मावशीचे हात मांडीवर रिकामे होते. दाराच्या आतून दोन हात बाहेर आले होते, कोपरापर्यंत पांढरे, आणि ते हात पोरीचे केस विंचरत होते, पेड घालत होते. पोरगी अगदी गप्प उभी होती. तिला ठाऊक होतं हात कुणाचे ते, लहान मुलांना असल्या गोष्टी बरोबर कळतात.

मी हाक मारायला तोंड उघडलं. मावशीनं मला पाहिलं आणि मान किंचित हलवली, नको. तेवढ्यात ओसरीवरून विहिणीचा आवाज आला, झाली की नाही म्हणे वेणी, केव्हाची बसली आहेस.

"नाई झाली अजून," मावशी मोठ्यानं म्हणाली. "माये हात चालत नाई आता."

वेणी तर घालून झाली होती. कमलनं ती सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.